सरकारमान्य व्यसनी

माझे वडील आमच्या गावातले एकमेव सरकारमान्य व्यसनी होते. बाकीचे नुसतेच व्यसनी होते.

हा फरक आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. राज्य नवीन होतं आणि दारूबंदी लागू होती. दारूबंदी असल्यामुळे गावात दारुडा असणं शक्य नव्हतं. नाल्यापलीकडे पळसाच्या झुडपांत भट्टी लागायची, दिवस कलला की तिकडून माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून परतायची, त्यात पंचायतीचे दोन मेंबरही असायचे. पण पिणं हा गुन्हा होता, म्हणून त्यांच्यातला एकही जण पीत नव्हता. गांजावाले देवळामागे बसत, त्यांची गणना भजनी मंडळात होई. तंबाखूला व्यसन म्हणावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. राहता राहिले माझे वडील. ते अफू खात, आणि त्यांच्याजवळ परवाना होता. डॉक्टरनं तपासून, अंगठा घेऊन, यांना अफूवाचून राहता येत नाही असं सरकारनं लिहून दिलेलं खाकी पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक. महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी जायचं, पुस्तक दाखवायचं, ठरलेल्या वजनाची अफू घ्यायची आणि पुस्तकात नोंद करून परत यायचं. वडील ते पुस्तक तांबड्या फडक्यात बांधून शेताच्या कागदांबरोबर पेटीत ठेवत. ते कधी लपवावं असं त्यांना वाटलं नाही. सरकारचा शिक्का असलेल्या वस्तूची लाज कशाची?

माझ्या जन्माआधी त्यांना हगवण लागली होती. वैद्य झाले, उतारे झाले, अंगारे झाले. शेवटी धाड गावच्या बाजारात जडीबुटी मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तुरीच्या डाळीएवढी अफू गिळायला दिली. हगवण थांबली. अफू थांबली नाही.

सकाळी चहाबरोबर एक गोळी आणि दुपारी चारच्या सुमाराला एक. मधल्या वेळात विहिरीवरच्या वांग्यामिरच्यांना पाणी, निंदणी, बैलांचा चारा. मी वाचलेल्या पुस्तकांतला अफूबाज गादीवर लोळायचा, अर्धे डोळे मिटून स्वप्नं बघायचा आणि घरदार बुडवायचा. आमचा अफूबाज गावात सगळ्यांच्या आधी उठून मोटेवर जायचा. वाचन आणि वडील यांचा मेळ बसत नव्हता. मी वाचनावर विश्वास ठेवला.

घरात आम्ही चौघं मोठी माणसं होतो. वडील, शेती करणारा थोरला भाऊ, वहिनी आणि गावच्याच शाळेत हंगामी मास्तर म्हणून लागलेला मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाचवी होती भावाची मुलगी, आठ महिन्यांची. ती पण अफू खायची.

हे वाक्य वाचून दचकू नये. आमच्या भागात तेव्हा कुणी दचकत नसे. दिवाळी आटोपली की कापसाची वेचणी लागायची आणि वेचणी हे बायकांचं काम. कमरेला ओटी बांधायची, तासामागून तास वाकून बोंडं रिकामी करायची. तान्हं लेकरू बांधावरच्या झाडाला झोळीत टांगलेलं. ते रडलं की बाई ओळ सोडून जाणार, परत येणार, पुन्हा जाणार. मग सकाळी निघताना आई करंगळीच्या टोकावर राईएवढी अफू घ्यायची, दुधात कालवायची आणि लेकराच्या तोंडात टाळूला लावायची. लेकरू दुपार कलेपर्यंत झोपायचं. जवळपास प्रत्येक घरात हे चालायचं, आणि कुणी त्याला नशा म्हणत नसे. 'लेकराची गोळी' म्हणत. आमच्या घरी ती वडिलांच्या डबीतून निघायची. वहिनीला माप जमत नाही म्हणून तिचे मामाजी, म्हणजे वडील, स्वतःच नखानं चिमटून द्यायचे, सोनाराच्या काळजीनं.

मी एकदा हरकत घेतली होती.

"बाबा, लेकराले जहर कायले देता?"

"जहर?" वडिलांनी डबीचं झाकण लावलं. "तू बी दोन वर्सं खाल्ली ना बे. मेला का? मास्तर झाला."

त्यांनी मेला आणि मास्तर झाला हे दोन पर्याय समोरासमोर ठेवले, आणि मी तर मास्तर झालेला होतो.

त्या वर्षी वरून पत्र आलं की नशाबंदी सप्ताह साजरा करावा. असे सप्ताह तेव्हा बरेच यायचे. झाडं लावण्याचा, उंदीर मारण्याचा, अल्पबचतीचा. आमचे हेडमास्तर राज्याच्या पश्चिम भागातले होते. त्यांचं मराठी इस्त्री केलेलं, आणि आमच्या तोंडून 'मले-तुले' ऐकलं की त्यांच्या कपाळावर एक आठी उभी राहायची. सप्ताह म्हटलं की मात्र ती आठी जायची. या वेळच्या पत्रात एक नवी अट होती. प्रभातफेरी आणि घोषणा पुरेशा नव्हत्या, प्रत्येक गावानं निदान एक व्यसनी व्यासपीठावर व्यसनमुक्त करून दाखवायचा होता.

शाळेत बैठक बसली. सरपंच, ग्रामसेवक, हेडमास्तर आणि लिहून घ्यायला मी. व्यसनी शोधायचा होता. दारुड्याला उभं करावं, तर त्यानं आधी दारू पीत होतो हे कबूल करायला हवं, म्हणजे गुन्हाच. सरपंच म्हणाले, "आपल्या गावात कोनी पेत नाही, असं मीच मागच्या महिन्यात लिहून देल्लं." गांजावाल्यांचं नाव काढलं तर भजनी मंडळ रुसणार होतं. मग हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या वडिलांकडे परवाना आहे ना?"

"आहे."

"म्हणजे पुरावा आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुमची कायम करण्याची फाईलही याच महिन्यात वर जाते आहे. अर्थात या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही."

संबंध नाही हे त्यांनी जाता जाता आणखी एकदा सांगितलं, तेव्हा मला तो कळला.

वडील ओसरीवर मिरच्या निवडत बसले होते. मी सांगितलं, सभा आहे, पंचायत समितीचे सभापती येणार आहेत, तुमचा परवाना त्यांच्या हातात द्यायचा आहे.

"देल्ला तर मंग मले अफीम कोन देईन?"

"सोडाची."

त्यांनी एक किडकी मिरची बाजूला टाकली. "तुहं कायम होते का त्यानं?"

"होईन म्हनतात."

"तरास किती होते?"

"चार दिवस. मंग सुटते. पुस्तकात आहे."

पुस्तकात तसं काही नव्हतं. निदान मी वाचलेल्या पुस्तकात नव्हतं. सभापतींचं भाषण मला लिहायचं होतं, त्यात 'चार दिवसांचा निग्रह आणि आयुष्यभराची मुक्ती' असं वाक्य मी आदल्याच दिवशी घातलं होतं. ते इतकं छान जमलं होतं की माझाच त्यावर विश्वास बसला.

"मंग देतो," वडील म्हणाले. "लय वर्सं झाली खाऊन."

सभा सकाळी दहाची होती. सभापती बारा वाजून गेल्यावर जीपमधून आले. मांडवामागे जाऊन त्यांनी तोंडातला तंबाखूचा विडा थुंकला, चूळ भरली, व्यासपीठावर चढले आणि मी लिहिलेलं भाषण वाचू लागले. व्यसन हा राक्षस आहे. व्यसन हा अजगर आहे. अजगराच्या विळख्यापर्यंत ते पोचले तेव्हा बॅटरी उतरली आणि लाऊडस्पीकर गुळण्या केल्यासारखा आवाज करू लागला. उजव्या बाजूला बायका बसल्या होत्या, वेचणी बुडवून आणलेल्या. त्यांच्या मांड्यांवर लेकरं होती आणि एकही लेकरू रडत नव्हतं. सभापतींनी भाषणात मधेच स्वतःचं एक वाक्य घातलं, "या गावातल्या मुलांची शिस्त पाहून मला समाधान वाटतं." बायका एकमेकींकडे बघून पदरात हसल्या.

मग वडिलांना वर बोलावलं. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, परवाना सभापतींच्या हाती दिला. हेडमास्तरांनी कानाशी लागून डबीही मागितली. वडिलांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि कोपरीच्या खिशातून डबी काढून दिली. सभापती वडिलांच्या हातातलं तांबडं फडकंही घेऊ लागले, तसे वडील म्हणाले, "फडकं माहं आहे." लोक हसले. वडिलांना शाल, नारळ आणि व्यसनमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावरचं अक्षर माझं होतं.

"आता कसं वाटतंय बाबा?" सभापतींनी ध्वनिक्षेपकात विचारलं.

"आता काय वाटन साहेब? सकाळची खाल्ली आहे ना अजून."

हेडमास्तरांनी तत्परतेनं राष्ट्रगीत सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांना जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. डोळ्यांतून, नाकातून पाणी. भर उन्हात कांबळं पांघरून ते ओसरीवर बसले आणि अंगावर पिसं काढलेल्या कोंबडीसारखे काटे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी हगवण परत आली. इतकी वर्षं ती जणू दाराबाहेर उभी होती आणि आता आत बोलावल्यासारखी आली. पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. पाय आपोआप झटकले जायचे. बसवेना, निजवेना. भिंतीला धरून अंगणात फिरायचे आणि परसाकडे जाताना वाटेतच खाली बसायचे. मी अंग धरायला गेलो की म्हणायचे, "कितवा दिवस आहे?" मी म्हणायचो, तिसरा. "मंग उद्या सुटते," ते म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांनी दिवस विचारला नाही. माझं वाक्य खोटं ठरू नये एवढी काळजी त्यांनी त्या अवस्थेतही घेतली.

त्याच दिवसांत पोरगीही रडायला लागली होती. वहिनी आधी म्हणाली दात येऊन राह्यले. मग म्हणाली सभेत नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, शेजारणीनं गळ्यात काळा दोरा बांधला. पोरगी शिंकायची, पाय पोटाशी घ्यायची, थरथरायची, छातीला लावली तर दोन घोट ओढून तोंड फिरवायची. जुलाबही लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना मी ओसरीवर थांबलो होतो. वडिलांनी जांभई दिली. पाळण्यात पोरीनं जांभई दिली. वडिलांच्या नाकातून पाणी येत होतं, पोरीच्याही. वडिलांचे पाय झटकले, आणि मी न पाहताच मला कळलं की पाळणा का हलतोय.

"वयनी, हिची गोळी कवापासून बंद आहे?"

"मामाजीनं डबी देल्ली तवापासून. कोठून देऊ?" ती पोरीला खांद्यावर थोपटत होती, स्वतःचे डोळे लाल. माझ्या तोंडावरचं तिनं वाचलं असावं. थोपटणं थांबलं. "म्हंजे हे... हे मामाजीचंच आहे का?"

मी मानेनं हो म्हटलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या सभेत दोघं सुटले. सर्टिपिकीट एकच काऊन आनलं?"

शाळेत न जाता मी एस.टी. पकडली आणि तालुक्याचं गाव गाठलं. तिथले डॉक्टर म्हातारे आणि तोंडानं फटकळ होते. मी सांगत असताना ते मधेच म्हणाले, "एकदम बंद करा असं कुणी सांगितलं?"

"सभेत ठरलं."

"सभेत कोण डॉक्टर होतं?"

त्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही, कारण माझ्या भाषणातला राक्षस आणि अजगर त्यात कुठेच नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, सुरुवातीला माणूस औषध म्हणून खातो किंवा मजा म्हणून खातो. काही काळानं दोन्ही संपतं. मग तो नुसता नीट उभं राहायला खातो. शरीर अफू धरूनच आपला हिशोब बसवतं. तीस वर्षांनी ती एका दिवसात काढली, की शरीराला काय करावं कळत नाही. अफूनं जे जे दाबलं होतं ते सगळं उसळून येतं. तरणा गडी असता तर दहा दिवस ओरडून पार झाला असता. तुमच्या वडिलांचं वय बघा, पोट बघा. त्यांच्या अंगातलं पाणी चाललंय. अफू सुटल्यानं नाही, पाणी गेल्यानं मरतील. त्यांची अफू परत द्या. मग थोडी थोडी कमी करा, महिनोन्‌महिने. मीठसाखरेचं पाणी, भाताची पेज, चमच्या-चमच्यानं."

"आणि लेकरू?"

"दूध ओढतं का थोडंतरी?"

"थोडं."

"तिला परत देऊ नका. तिला दिवस थोडे झालेत, तिचं निघून जाईल. अंगाशी धरून ठेवा, पाजत राहा. झटके आले, ओढायचं थांबलं, तर त्याच पावली इकडे." चष्मा पुसत ते म्हणाले, "या दिवसांत माझ्याकडे आणतात अशी लेकरं. बोटाचं माप चुकलेली. बहुतेक उशिरा आणतात. आणि आई एकच सांगते, रोज तेवढीच देत होते."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, या रुग्णास अफू चालू ठेवणे आवश्यक आहे. ती घेऊन मी कचेरीत गेलो. कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं.

"हे तर मुक्त झाले."

"आजारी आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी आहे, पण परवाना कुठाय?"

"सभेत परत केला."

"स्वखुशीनं. टाळ्याही वाजल्या म्हणे. अहवाल वर गेलाय मास्तर. नवीन परवाने बंद, आणि जुना रद्द." तो वाईट माणूस नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "एक करता येईल. अर्ज द्या, की शाळेच्या सप्ताहात जो माणूस मुक्त झाल्याचं दाखवलं, तो झालेला नाही. चौकशी होईल. कदाचित मिळेल परत. अर्जदार म्हणून तुमची सही लागेल. लिहू?"

त्यानं टाक दौतीत बुडवून माझ्याकडे पाहिलं.

या ठिकाणी मला स्वतःबद्दल काही बरं लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. माझी फाईल वर गेली होती. हेडमास्तरांचा अहवाल वर गेला होता. तिकडे वडील भिंत धरून परसाकडे जात होते. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

बसमध्ये मी विचार केला. तो असा, की अर्ज न करता वडील जगतील का. दुसरा कुठलाही विचार माझ्या डोक्यात आला नाही.

घरी आलो तेव्हा वडील खाटेवर आडवे होते. डोळे खोल गेलेले, आणि हाताची कातडी चिमटली तर चिमटलेलीच राहत होती. भाऊ उशाशी नुसता बसून होता. पेज पाजली, ती उलटली. वडिलांनी माझं मनगट धरलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"बापू," ते म्हणाले, "सुटत नाही रे. तुह्या नोकरीले काई होते का? नसंन होत तर थोडी आन."

दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार होता. त्या बाजारापासून जुनी मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, हद्द जवळ. राज्यं बदलली, पाट्या बदलल्या, पण ज्या वाटांनी माल यायचा त्या वाटांना कुणी कळवलं नव्हतं. हिंग आणि सुंठ मांडून बसलेल्या एका माणसाकडे मला कुणीतरी पाठवलं. मी इकडेतिकडे बघत टोपी पुढे ओढून उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं आणि तोंडभर हसला.

"मास्तर ना तुम्ही? सभेत कागद वाचाले देऊन राह्यले होते सभापतीले? मस्त झाली सभा. माहं गिऱ्हाईक वाढलं."

त्यानं सुंठेच्या पुडीत दुसरी पुडी घालून दिली. मी ती घेतली. गुन्हा करायला इतकं थोडं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. अर्ज करायला याहून जास्त लागलं असतं.

वडिलांनी तो गोळा बोटांत घेतला, हुंगला. "सरकारी नाही."

"नाही."

"गूळ मिसळला लेकानं." त्यांनी तेवढ्यातही नखानं माप काढलं, नेहमीच्या निम्मं, आणि जिभेखाली ठेवलं. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. पाऊण तासानं पायांचं झटकणं थांबलं. तास-दीड तासानं ते म्हणाले, "पेज आहे का?" ती उलटली नाही. दुपारी त्यांनी पुन्हा पेज मागितली, आणि वहिनीनं चुलीकडे तोंड करून डोळे पुसले.

संध्याकाळ व्हायच्या आत ती पोरगी घेऊन खाटेजवळ आली. पोरगी कडेवर होती, सुकलेली, पण जागी. रडत नव्हती. भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. वहिनीनं करंगळी पुढे केली.

"मामाजी, राईएवढी हिलेही द्या. उद्या मले वेचनीले जा लागते. किती दिवस झाले घरी हावो. बोंडं फुटून खाली पडून राह्यले."

वडिलांच्या हातात पुडी होती. त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिनं त्यांच्या मिशीला हात घातला, ओढली.

"नाही," ते म्हणाले.

"मामाजी, पन..."

"तिची सुटली ना आता. मले मालूम आहे कसं होते ते. तिले आता नाही."

"मंग कापूस कोन वेचीन?"

"तूच वेच. मी बसतो झाडाखाली लेकरू घेऊन. मले तसंही मोटेवर उभं राहवत नाही आता."

त्या हंगामात वडील रोज शेतात गेले. बांधावरच्या बाभळीखाली कांबळं टाकून बसायचे, मांडीवर नात. ती रडली की कापसाच्या ओळींकडे तोंड करून हाक द्यायचे, वहिनी येऊन पाजून जायची. बाकी वेळ ते तिला मुंगळे दाखवायचे, बैलांची नावं सांगायचे. आसपासच्या झाडांना झोळ्या टांगलेल्या असायच्या, त्यांतली लेकरं निपचित. गावातलं एकच शुद्धीवरचं लेकरू अफूबाजाच्या मांडीवर बसलेलं मी रोज शाळेतून परतताना पाहायचो.

मी कायम झालो. भावानं प्रमाणपत्राला काच बसवून आणली आणि ओसरीवर टांगलं. वडील त्याच्याखाली बसून सकाळची गोळी घेत. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी ती पुष्कळ कमी केली, कुणाला न सांगता, स्वतःच्या नखानं. पण शेवटची राईएवढी काही सुटली नाही, आणि मीही ती सोडा म्हणालो नाही. बाजाराच्या दिवशी सुंठ आणायला मी जायचो. सप्ताह दर वर्षी आला. दर वर्षी मी बोललो. अजगर आणि राक्षस मी काढून टाकले नाहीत, लोकांना ते आवडत.

पुढे काही वर्षांनी वडील गेले, म्हातारपणानं, शांतपणे. शाळेनं शोकसभा घेतली. हेडमास्तर बदलून नवे आले होते, त्यांनी जुन्या फायली काढून सांगितलं की दिवंगतांनी आपल्या निग्रहानं व्यसनावर विजय मिळवला होता. वहिनी खाली बसली होती. माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. घरी आल्यावर तिनं उशाखालची पुडी काढली आणि चुलीत टाकली.

आता गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून पुढच्या सप्ताहात मी पहिल्यांदाच खरं बोललो. वडिलांची पुडी कुठून यायची हे नाही. सभेत उभं राहून ते सांगायचं धैर्य आजही नाही. पण लेकरांच्या गोळीबद्दल बोललो. ती नशाच आहे, माप चुकलं तर लेकरू उठत नाही, बंद केली तर लेकराचं काय होतं, हे सगळं. सरपंच खालून खुणा करू लागले, बायकांच्या गोष्टी वर कायले. मी थांबलो नाही. बोलणं चांगलं झालं असं मला वाटलं. टाळ्या आल्या नाहीत, याचाही मला थोडा अभिमान वाटला.

खाली उतरलो तर वाटेत एक बाई उभी होती. गावातलीच, नात्यातली नसलेली, माझ्यापेक्षा लहान. कडेवर सहा-सात महिन्यांचं लेकरू, मान टाकून झोपलेलं. भर दुपारी, मांडवाच्या एवढ्या गलबल्यात.

"गुरुजी," ती म्हणाली, "खरं बोल्ले तुम्ही. मंग मले एक सांगा, उद्या मी वेचाले गेली तर हे कोठी ठिवू? तुमच्या घरी म्हतारा होता बसाले. आमच्या घरी कोन आहे?"

मी म्हणालो, पंचायतीला सांगून काहीतरी सोय करता येईल.

"हाव," ती म्हणाली. "कवा?"

आणि लेकरू दुसऱ्या कडेवर घेऊन ती उभी राहिली, उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही अशी.